चाकोरी आणि कायदा : दक्षिण महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीचा बंदीकाळ

१

कायद्याने निषिद्ध ठरविलेली शर्यत हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी उपस्थित होणे स्वाभाविक आहे. अशा शर्यतीची नोंद सामान्यतः पोलीस ठाण्याच्या दप्तरात होते व तिची कथा चावडीवर रंगते. दप्तरात तिचे रूप गुन्ह्याचे असते, तर चावडीवर विनोदाचे. या दोन रूपांमध्ये जे अंतर असते त्यातच समाजाचा कायद्याशी असलेला खरा संबंध दडलेला असतो, आणि म्हणूनच अशा घटनांचा विचार करणे हे इतिहासाच्या कक्षेत येते.

या प्रकारचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील होय. १९७१ साली ब्रॉक येट्स या मोटारविषयक पत्रकाराने न्यूयॉर्क शहरातील एका गॅरेजपासून कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, मोटारींची बेकायदा शर्यत योजली. तिला ‘कॅननबॉल’ हे नाव मिळाले ते अर्विन बेकर या जुन्या विक्रमवीराच्या टोपणनावावरून. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये येट्स व डॅन गर्नी यांनी फेरारी मोटारीतून हे अंतर ३५ तास ५४ मिनिटांत कापले. पुढे १९७२, १९७५ व १९७९ साली ही शर्यत पुन्हा झाली. इंधनटंचाईमुळे १९७४ साली सर्व देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाल्यावर तिला निषेधाचे स्वरूपही आले. पोलिसांना चकविण्यासाठी कोणी पाद्र्याचा वेष घेतला. १९७९ साली तर खुद्द येट्स रुग्णवाहिका घेऊन आणि आपल्या पत्नीला रुग्ण म्हणून आत निजवून शर्यतीत उतरला. याच प्रसंगावरून १९८१ साली ‘द कॅननबॉल रन’ हा विनोदी चित्रपट निघाला व त्याची पटकथाही येट्सनेच लिहिली. गुन्हा, निषेध आणि करमणूक या तीन अवस्था एकाच शर्यतीने दहा वर्षांत ओलांडल्या.

कोल्हापूर आणि त्याच्या लगतच्या सांगली, सातारा व बेळगाव या जिल्ह्यांत याच जातीचा एक अध्याय एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घडला. येथे मोटारीच्या जागी छकडा होता आणि फेरारीच्या जागी खिल्लार बैलांची जोडी होती. हा फरक केवळ वाहनाचा नाही. मोटारीला वेदना होत नाही, बैलाला होते. आणि या एका भेदामुळे दोन्ही कथांतील विनोदाचे मोल निराळे ठरते. प्रस्तुत निबंधात या बंदीकाळाचा क्रम, त्यातील विसंगती आणि त्यातून निर्माण झालेला ऐतिहासिक प्रश्न यांचा विचार केला आहे.

२

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचा एकच एक प्रकार नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात चढणीच्या घाटावर बैलगाडा धावतो व त्याच्या पुढे घोडेस्वार असतो. विदर्भात शंकरपट भरतो. कोकणपट्टीत दोन जोड्यांची सरळ झुंज लावणारी बिनजोड शर्यत रूढ आहे. सातारा व सांगली भागात आखलेल्या समांतर चाकोऱ्यांतून छकडे पळविण्याची पद्धत आहे. याखेरीज सांगली-कोल्हापूरकडे ‘आरत-परत’ या नावाने ओळखला जाणारा लांब पल्ल्याचा प्रकार आहे. त्यात गाडी रस्त्याने ठराविक खुणेपर्यंत जाऊन तेथून वळते आणि आरंभस्थानी परत येते. पल्ला कित्येक किलोमीटरांचा असतो, मार्ग मैदानाऐवजी रस्त्याचा असतो आणि प्रेक्षक एका जागी उभे न राहता मोटारसायकलींवरून गाड्यांच्या मागे-पुढे धावत असतात. मोटारींच्या देशव्यापी शर्यतीशी खऱ्या अर्थाने नाते सांगणारा प्रकार हाच होय.

या भागाला शर्यतीचे वेड लागण्याची कारणे शोधताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली खिल्लार जनावरांची. पांढरा वा करडा वर्ण, उंच बांधा, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे आणि चपळ चाल ही या जातीची लक्षणे होत. तिचे माहेर माणदेशाचा कोरडा मुलूख असून त्यातील आटपाडी महाल हा पूर्वीच्या औंध संस्थानाचा भाग होता. या महालाचे नाव खिल्लारच्या एका उपजातीलाच मिळालेले आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतील जनावरांचा बाजार आजही प्रसिद्ध आहे. पाणी कमी, अंतरे लांब आणि जमीन हलकी अशा प्रदेशात जो बैल वेगाने चालतो तोच टिकतो. त्यामुळे वेग हा या जातीचा शोभेचा गुण नसून उपजीविकेचा गुण होता. वाहतूक आणि शेती यांसाठी जोपासलेला वेगच पुढे जत्रेतील स्पर्धेचा विषय झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. जत्रेला बैलगाड्यांतूनच जाण्याची प्रथा या तर्काला पुष्टी देते. बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडील भाविक बैलगाड्या जुंपून जात आले आहेत. एकाच रस्त्याने एकाच दिवशी शेकडो गाड्या निघाल्या म्हणजे पुढे कोण जातो हा प्रश्न निर्माण होण्यास वेगळ्या आयोजनाची गरज नसते.

दुसरी गोष्ट कोल्हापूरच्या दरबाराची. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) मर्दानी खेळांना व जनावरांच्या खेळांना मोठा आश्रय मिळाला. खासबाग मैदान, हत्तींची साठमारी, चित्त्यांच्या साहाय्याने होणारी शिकार, आणि महाराज स्वतः हाकीत असलेला ‘खडखडा’ ही गाडी या सर्वांच्या आठवणी शहराच्या बोलण्यात अद्याप जिवंत आहेत. साठमारी व चित्त्याची शिकार कालौघात लोपली. परंतु जनावर हे घराण्याच्या व तालमीच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानण्याची वृत्ती दरबारातून पेठांत आणि पेठांतून गावांत उतरली. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातील गवळी आपल्या म्हशी सजवून त्यांना मोटारसायकलींच्या मागे पळवितात, हे दृश्य परगावच्या माणसास हास्यास्पद वाटेल. गवळ्याच्या दृष्टीने तो वर्षभराच्या निगराणीचा जाहीर हिशेब असतो.

३

या लोकरूढीची कायद्याशी गाठ पडली ती क्रमाक्रमाने. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम १९६० साली संमत झाला. त्यामागे राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा पुढाकार होता. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या अधिनियमाच्या २२ व्या कलमान्वये काही प्राण्यांना खेळासाठी शिकविणे वा त्यांचे प्रदर्शन करणे यांस केंद्र सरकार अधिसूचनेने मनाई करू शकते. आरंभी या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या यांसारखे प्राणी होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने तीत बैलाची भर पडली. वन्य श्वापदांच्या पंक्तीत गोठ्यातील बैल येऊन बसला आणि शर्यतीचा प्रश्न गावच्या पंचांकडून न्यायालयाकडे गेला.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन् व न्या. पिनाकीचंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत या दोहोंवर बंदी घालणारा निकाल दिला. घोड्याप्रमाणे धावण्यासाठी बैलाची शरीररचना झालेली नाही, तो भीतीने व वेदनेने पळतो, आणि मनुष्याच्या करमणुकीसाठी दिलेली वेदना ‘आवश्यक’ या सदरात येऊ शकत नाही, हे त्या निकालाचे मुख्य सूत्र होते. राज्यघटनेच्या ५१–अ कलमातील जीवमात्राविषयी दया बाळगण्याच्या कर्तव्याचा आधार त्यात घेतला होता. शेपटी पिरगाळणे, टोकदार पराणी टोचणे, मारझोड करणे अशा ज्या प्रकारांची चर्चा या वादात झाली ते शर्यतीच्या मैदानांवर कोणास अपरिचित नव्हते, हे शर्यतप्रेमींनाही नाकारता येण्यासारखे नाही.

त्यानंतरचा क्रम चढ-उतारांचा आहे. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सशर्त मोकळीक दिली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी प्रचंड आंदोलन झाले व तमिळनाडूने कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच वर्षी दुरुस्ती संमत केली व तिला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. २०१८ साली हा सर्व वाद पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आला. तमिळनाडूत जल्लीकट्टू चालू, महाराष्ट्रात मात्र छकडा बंद, अशी विषम स्थिती यामुळे सुमारे चार वर्षे टिकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रास नियमांच्या अधीन राहून शर्यती घेण्याची मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या, म्हणजे तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या, दुरुस्त्या वैध ठरविल्या.

४

बंदी होती म्हणून शर्यत थांबली असे मात्र झाले नाही. ती रस्त्यावरून आडरानात गेली आणि दुपारवरून पहाटेवर आली. या काळातील सर्वांत गाजलेली घटना २० ऑगस्ट २०२१ ची आहे. आटपाडी तालुक्यातील झरे या गावी त्या दिवशी शर्यत घेण्याची जाहीर घोषणा विधान परिषदेचे तत्कालीन सदस्य गोपीचंद पडळकर यांनी केली होती. निषिद्ध कृत्याची तारीख व स्थळ आगाऊ कळविलेले असल्यामुळे प्रशासनानेही तयारीत कसूर केली नाही. आसपासच्या गावांत संचारबंदी लागू झाली, नाकेबंदी झाली आणि शर्यतीसाठी तयार केलेली धावपट्टी यंत्राने खोदून टाकण्यात आली. आयोजकांनी रातोरात जवळच्याच दुसऱ्या माळावर नवी धावपट्टी तयार केली आणि उजाडण्याच्या सुमारास छकडे पळवून शर्यत उरकली. पोलीस बंदोबस्त एका माळावर आणि शर्यत दुसऱ्या माळावर, अशी ही परिस्थिती होती. पुढे आदेशभंगाबद्दल गुन्हे दाखल झाले. ‘गनिमी कावा’ हा शब्द त्या दिवसांत वृत्तपत्रांत वारंवार झळकला आणि सतराव्या शतकातील युद्धनीती छकड्याच्या चाकांना बांधली गेली.

या प्रसंगातील हास्यरस उघड आहे. परंतु त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. विनोद नेहमी प्रमाणभंगातून उत्पन्न होतो. येथे प्रमाणभंग शिक्षेत होता. १९६० च्या अधिनियमातील ११ व्या कलमानुसार क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यास दंड होता तो दहा ते पन्नास रुपयांचा. मनाई केलेल्या प्राण्याच्या प्रदर्शनाबद्दल २६ व्या कलमात पाचशे रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती. ज्या जोडीची किंमत लाखांत मोजली जाते तिच्या मालकास पन्नास रुपयांच्या दंडाचे भय कसे वाटावे? एका बाजूस सर्वोच्च न्यायालयाचा संपूर्ण निषेध आणि दुसऱ्या बाजूस चहाच्या बिलाएवढा दंड, या दोहोंच्या मधल्या पोकळीत झऱ्याचा प्रसंग घडला. अमेरिकेतील येट्सच्या शर्यतीबाबतही हेच दिसते. वेगमर्यादा सर्व राष्ट्रास लागू होती, पण ती मोडणाऱ्यास मिळणारी शिक्षा शर्यतीच्या कीर्तीपुढे नगण्य होती. जेथे कायद्याचा शब्द मोठा आणि हात आखूड असतो तेथे कायदाभंग हा खेळ होतो.

तथापि अमेरिकेच्या उदाहरणाशी असलेले साम्य येथेच संपते. येट्सच्या सोबत्यांनी स्वतःचा जीव स्वतःच्या इच्छेने धोक्यात घातला होता. रस्त्यावरील अन्य प्रवाशांचा धोका हा त्यांच्यावरील खरा आक्षेप होता. छकड्याच्या शर्यतीत जुवाखालच्या जोडीची संमती कोणी घेतलेली नसते. शिवाय चोरून होणाऱ्या शर्यतीत पशुवैद्य नसतो, पंच घाईत असतात, अंधुक प्रकाशात खाचखळग्यांच्या माळावर जनावर पळविले जाते आणि लचकलेल्या पायाची वाच्यता करण्याची कोणाची तयारी नसते. बंदीचा हेतू जनावराचे रक्षण हा होता. बंदीच्या चोरट्या पालनभंगात जनावराचेच रक्षण सर्वांत कमी होत होते. चावडीवरची कथा ऐकताना श्रोता आयोजकाच्या चातुर्यास व पोलिसांच्या फजितीस हसतो. त्या कथेत बैल हा पात्र म्हणून येतच नाही. विनोदाची ही किंमत इतिहासकाराने विसरता कामा नये.

शर्यतप्रेमींच्या बाजूसही विनोदापलीकडचे काही होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार बैलाचे शेतीतील काम झपाट्याने कमी झाले आणि दूध देण्यात ही जात फारशी सरस नाही. अशा स्थितीत वासरू जोपासण्यास शेतकऱ्याला जे प्रयोजन उरते ते प्रायः शर्यतीचे. शर्यत बंद झाली तर जोपासना थांबेल, आणि जोपासना थांबली तर जनावर बाजाराची वाट धरील, हा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद क्रूरतेचे समर्थन करीत नाही. पण क्रूरतेचा प्रश्न केवळ शर्यतीच्या मिनिटाभराचा नसून जनावराच्या सबंध आयुष्याचा आहे, हे तो दाखवून देतो.

५

इतिहासाच्या अभ्यासकांस या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग ‘परंपरा’ या शब्दाचा आहे. २०१४ च्या निकालाने शर्यतीचा परंपरेचा दावा मान्य केला नाही. २०२३ च्या घटनापीठाने मात्र वेगळी भूमिका घेतली. एखादी रूढी सांस्कृतिक वारशाचा भाग आहे किंवा नाही हे ठरविण्यास सखोल सामाजिक व सांस्कृतिक अभ्यास लागतो, तो न्यायालयात होऊ शकत नाही, आणि विधिमंडळाने याबाबत घेतलेला निर्णय न्यायालय बाजूस सारणार नाही, असा तिचा आशय होता. म्हणजे न्यायालयाने हा प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला. आणि विधिमंडळ तो बहुमताने सोडविते. पुराव्याने तो सोडविण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी ते अद्याप पुरे केलेले नाही.

येथे एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार शर्यतीस जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, जनावराची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी लागते, चाबूक-काठीस मनाई आहे आणि धावपट्टीची लांबी १००० मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. दुरुस्त कायद्यात जनावरास वेदना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद ठरविली आहे. शिक्षेतील पूर्वीचा प्रमाणभंग यामुळे दूर झाला, हे इष्टच झाले. परंतु १००० मीटरांच्या मर्यादेत आखीव चाकोरीची शर्यत बसते. रस्त्याने कित्येक किलोमीटर जाऊन परत येणारी ‘आरत-परत’ बसत नाही. परंपरेच्या नावाने लढविलेल्या वादात विजय मिळाला तेव्हा दक्षिण महाराष्ट्राच्या जत्रामार्गाशी जिचे नाते जोडता येते अशी लांब पल्ल्याची शर्यत नियमाबाहेर राहिली आणि आटोपशीर, मोजता येणारी, प्रेक्षकांस एका जागी बसून पाहता येणारी शर्यत ‘परंपरा’ म्हणून प्रतिष्ठित झाली. जनावराच्या दृष्टीने ही मर्यादा हितकारकच आहे. तरी कायदा परंपरा जशी असते तशी जतन करीत नाही, तिच्यातील जे त्याच्या मापात बसते तेवढेच निवडून त्यास तो परंपरा हे नाव देतो, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते.

शर्यतीची भाषाही याच बदलाची साक्ष देते. ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ ही दातांवरून पडलेली गटांची नावे गोठ्यातील आहेत. पण छकडा हाकणाऱ्यास आज मैदानावर सर्रास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. २०२५ साली सांगली जिल्ह्यातील बोरगाव येथे झालेल्या मोठ्या शर्यतीत पहिले बक्षीस फॉर्च्युनर मोटारीचे होते आणि ते जिंकणाऱ्या जोडीतील बैलांची नावे होती ‘हेलिकॉप्टर बैज्या’ व ‘ब्रेक फेल’. ज्या यंत्राने बैलाचे काम हिरावले त्याचेच नाव बैलाने घेतले आणि त्याचेच बक्षीस मालकास मिळवून दिले. उलटपक्षी कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३६ सालची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांपुढे येते ती संथ गतीने, मानाच्या जनावराप्रमाणे. वेग आणि प्रतिष्ठा यांची अशी अदलाबदल झालेल्या समाजात ‘जुने’ कोणते आणि ‘नवे’ कोणते हे सांगणे सोपे नाही.

६

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, २०११ ते २०२३ हा कालखंड शर्यतीच्या खंडाचा नसून तिच्या रूपांतराचा होता. बंदीने शर्यत संपविली नाही, पण बंदीतून बाहेर पडलेली शर्यत पूर्वीची राहिली नाही. दुसरा, बेकायदा शर्यतीतील विनोद हा कायद्याच्या दुर्बलतेचे मापक असतो. परंतु त्या विनोदाचा भार कोण वाहतो हे पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. तिसरा, परंपरेविषयीचे दावे व प्रतिदावे न्यायालयात पुष्कळ झाले, पण त्यांस लागणारा पुरावा अद्याप विखुरलेला आहे. संस्थानांची दप्तरे, देवस्थानांचे जमाखर्च, जत्रांच्या बाजारांच्या नोंदी आणि वृद्ध गाडीवानांच्या आठवणी यांत तो शोधावा लागेल. यांपैकी दप्तरे उद्याही राहतील; आठवणी राहतीलच असे नाही.

कायद्याने १००० मीटरांची चाकोरी आखून दिली आहे. तिच्या आत जनावराचे हाल होत नाहीत हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. तिच्या बाहेर जो लांब रस्ता राहिला त्याचा इतिहास लिहिणे हे विद्यापीठांचे काम आहे, आणि ते काम पुरे होईपर्यंत ‘परंपरा’ हा शब्द दोन्ही पक्षांनी जपून वापरणेच श्रेयस्कर होय.